काकूंच्या ऐंशीव्या वर्षाचा हिशोब

२०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यातल्या कर्वेनगरचं एक जोडपं माझ्याकडे आलं. काकांच्या निवृत्तीला सात आठवडे उरले होते. भोसरीच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात ३१ वर्षं, सगळी नोकरी एकाच ठिकाणी. वय ५८. काकू ५५ च्या. घर सांभाळलं, मधली काही वर्षं घरीच शिकवण्या घेतल्या. एकुलती एक मुलगी हडपसरला, तिच्या संसारात.

दोघांच्या संमतीने हे प्रकरण मांडतो आहे. नावं देत नाही, आकडे थोडे गोल केले आहेत. मी ठरावीक फी घेऊन सल्ला देतो, कमिशन घेत नाही. तेव्हा पुढे ज्या योजनांची नावं येतील त्यातून मला काही मिळत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

काकांनी पिशवीतून फाइल काढली. पासबुकं, ठेवींच्या पावत्या, पॉलिसीचे कागद, सगळं क्रमाने लावलेलं. बेत त्यांनी एका दमात सांगितला. "सगळं एफडीत टाकायचं, व्याजावर जगायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही." आमचं बोलणं तासभर चाललं, त्यात काकू जवळजवळ काहीच बोलल्या नाहीत. उठता उठता त्यांनी विचारलं, "यांच्यामागे हे सगळं मला एकटीला जमेल का हो?"

"काहीतरीच काय बोलतेस," काका म्हणाले.

मी मात्र दोघांना परत बसायला सांगितलं, कारण त्या तासाभरात कामाचा प्रश्न हा एकच विचारला गेला होता. काकू तीन वर्षांनी लहान, आणि बायकांचं आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त असतं. म्हणजे या पैशाने ३५ वर्षं पुरायचं आहे, आणि त्यातली शेवटची काही वर्षं बहुधा काकू एकट्या असणार आहेत. काकांच्या साठाव्या वर्षाचं गणित कुणीही जमवून देईल. आम्ही काकूंच्या ऐंशीव्या वर्षापासून मागे मोजत यायचं ठरवलं.

हातात काय होतं

पीएफचे ६६ लाख. काकांनी पंधरा वर्षं स्वतःहून जास्तीची कपात चालू ठेवली होती, त्याचं हे फळ. ग्रॅच्युइटी ९.३ लाख: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ५२,००० रुपये, त्याचे २६ पैकी १५ दिवस म्हणजे ३०,०००, गुणिले ३१ वर्षं. राष्ट्रीयीकृत बँकेत १४ लाखांच्या ठेवी, एका पतसंस्थेत १२ लाख. काकूंच्या नावे पीपीएफमध्ये ११ लाख, नऊ निरनिराळ्या म्युच्युअल फंडांत मिळून ७ लाख, आणि मुदत पूर्ण झालेल्या विमा पॉलिसीचे ६ लाख. बेरीज १२५.३ लाख. राहतं घर स्वतःचं, कर्ज नाही. शिवाय वाघोलीला एक वन बीएचके, भाड्याने दिलेला.

पेन्शन म्हणाल तर ईपीएसची, म्हणजे पीएफला जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेची, महिन्याला ४,३०० च्या आसपास. ३१ वर्षांच्या नोकरीला एवढीशी पेन्शन कशी, असं लोक विचारतात. ती खऱ्या पगारावर मोजतच नाहीत. २०१४ च्या सप्टेंबरपर्यंत ६,५०० रुपये आणि त्यानंतर १५,००० रुपये एवढाच पगार धरायचा, त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचं. ती महागाईबरोबर वाढत नाही, आणि काकांच्या मागे काकूंना तिच्या निम्मी मिळणार.

खर्च: कालनिर्णयच्या चौकोनातून

"महिन्याला चाळीस हजारांत भागतं आमचं," काका ठामपणे म्हणाले. हा आकडा मी कुणाकडूनच तोंडी घेत नाही. पुढच्या वेळी काकू गेल्या तीन वर्षांची कालनिर्णयं गुंडाळी करून घेऊन आल्या. प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात दूध, भाजी, गॅस, कामवाल्या मावशींचा खाडा. महिन्याच्या शेवटच्या चौकोनात लाल पेनाने बेरीज. मी इतकी वर्षं हे काम करतो आहे, पण घरखर्चाचा इतका स्वच्छ पुरावा माझ्यापुढे क्वचितच आला असेल.

नेहमीचा खर्च निघाला ४३,०००. चाळिसाच्या जवळच, काकांना बरं वाटलं. मग वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च वेगळ्या कागदावर काढले: आरोग्य विम्याचा हप्ता, मिळकतकर, गाडीचा विमा, दिवाळी, लग्नामुंजीतले आहेर, एक प्रवास, दातांची कामं, मावशींचा बोनस. ती बेरीज १ लाख ८० हजार, म्हणजे महिन्याला आणखी १५,०००. खरा खर्च ५८,०००, वर्षाला ६.९६ लाख. चाळीस आणि अठ्ठावन्न यांतला फरक वर्षाला सव्वादोन लाखांच्या घरात जातो. निवृत्तीचं गणित सर्वांत जास्त वेळा इथेच फसतं, कारण वार्षिक खर्च बोनसमधून जातो आणि पगार असेपर्यंत कुणी तो मोजत नाही.

त्याच कागदावर काकूंकडून आणखी एक काम करून घेतलं. अडचणीच्या वर्षी ज्याला कात्री लावता येईल त्या ओळींवर खूण करायची. प्रवास, हॉटेल, आहेरांतला काही भाग. महिन्याला ११,००० रुपये निघाले. हा आकडा पुढे कामाला आला.

सगळं एफडीत ठेवलं तर

काकांचा बेत मी आधी मनापासून तपासला. १२५ लाखांवर ७ टक्के धरले तर वर्षाला पावणेनऊ लाख व्याज, वर पेन्शन आणि भाडं. सगळं मिळून सव्वादहा लाख, खर्च सात लाखांच्या आत. काका हसले. पहिल्या वर्षी तर पैसे उरतात!

मग ६ टक्के महागाई लावली. ६ टक्क्यांनी खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. आजचे ५८,००० रुपये वीस वर्षांनी १ लाख ८६ हजार होतात, तेव्हा काकू ७५ च्या असतील. उरलेले पैसे परत ठेवत गेलं तरी दहाव्या वर्षापासून व्याज अपुरं पडू लागतं, मग मुद्दल मोडावं लागतं, आणि चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी ठेवी संपतात. काकू तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर. तेही ३५ वर्षं ७ टक्के मिळत राहिले तर. २०२० च्या मे महिन्यापासून पुढे दोन वर्षं रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो रेपो दर ४ टक्के होता, आणि त्या काळात ठेवींवर साडेपाच टक्क्यांच्या आसपास व्याज घेऊन ज्येष्ठांनी दिवस काढले. २०२५ मध्येही फेब्रुवारी ते जून या पाच महिन्यांत रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला. सरासरी ६ टक्के धरले तर पैसा बाविसाव्या वर्षी संपतो.

एफडी वाईट नाही. काकांच्या मांडणीतही शेवटी तिला जागा मिळाली. पण सगळा पैसा तिच्यात ठेवणं म्हणजे सुरुवातीची पंधरा वर्षं सुखाची करून शेवटची दहा वर्षं काकूंच्या माथी मारणं.

पतसंस्थेचे बारा लाख

यावर आमचा खरा वाद झाला. साडेनऊ टक्के व्याज, घरापासून चालत पाच मिनिटं, चेअरमन ओळखीचे, दर दिवाळीला भेटवस्तू. वीस वर्षांत एकदाही व्याज चुकलं नव्हतं. काकांचं म्हणणं खोटं नव्हतं.

मी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. बँकेतल्या ठेवीला, मग ती बँक सहकारी का असेना, ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा असतो. २०२० च्या फेब्रुवारीत ही मर्यादा एका लाखावरून पाच लाखांवर आली. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. दुसरी गोष्ट पुणेकरांना वेगळी सांगायला नको. इथल्या रुपी या सहकारी बँकेवर २०१३ साली निर्बंध आले आणि २०२२ साली तिचा परवाना रद्द झाला. मधल्या नऊ वर्षांत ठेवीदारांनी जे सोसलं ते या शहराने पाहिलं आहे. ती तर विम्याचं छत्र असलेली बँक होती. साडेनऊ आणि साडेसहामधला तीन टक्क्यांचा फरक १२ लाखांवर वर्षाला ३६,००० रुपये होतो. एवढ्यासाठी १२ लाख टांगणीला ठेवायचे?

काका दोन आठवडे काही बोलले नाहीत. मग एक दिवस फोन आला, "चार हप्त्यांत काढून घेतो, एकदम मागितले तर बरं दिसत नाही." त्यांचा मान राखून तसंच केलं. मुदतीआधी काढल्याने थोडं व्याज बुडालं. सप्टेंबरपर्यंत सगळे पैसे आले.

वाघोलीचा फ्लॅट

२०१३ साली नोंदणीसह २७ लाखांना घेतलेला. कर्जाचा शेवटचा हप्ता २०२१ मध्ये फिटला. "दुप्पट तरी झाला असेल," काकांचा अंदाज. प्रत्यक्षात दोन दलालांकडून चौकशी केली तर ४२ लाखांच्या पुढे कुणी जाईना. बारा वर्षांत २७ चे ४२, म्हणजे वर्षाला पावणेचार टक्के. भाडं महिन्याला १३,०००. दर अकरा महिन्यांनी नवा करार, मध्ये एखादा महिना रिकामा, सोसायटीचा मेंटेनन्स, मिळकतकर, रंग, नळ, दलाली. हातात वर्षाला लाखभर रुपये उरत. ४२ लाखांवर अडीच टक्केसुद्धा नाही.

आकडे काकांना पटत होते, मन मानत नव्हतं. तो फ्लॅट म्हणजे त्यांचे आठ वर्षांचे ओव्हरटाइम होते. शनिवारी साइटवर जाऊन त्यांनी स्वतः स्लॅबवर पाणी मारलं होतं. असं काही समोर आलं की मी गप्प बसतो, कागद पुढे सरकवत नाही. बोलल्या काकू. "भाडेकरू सोडून गेला की कुलूप लावायला, पोलिसांत नोंद करायला, प्लंबर शोधायला वाघोलीला मी जाऊ का, सत्तराव्या वर्षी?" मुलीनेही फोनवर सांगितलं की तिला तो फ्लॅट नको, आईबाबा निश्चिंत असले की बास.

कराचा भाग मात्र मनासारखा सुटला. २०२४ च्या जुलैपासून घर विकल्यावरच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, महागाईची वजावट न देता. पण २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला जुन्या पद्धतीने हिशोब करायची सवलत ठेवली आहे: महागाई निर्देशांक लावून किंमत वाढवायची आणि उरलेल्या नफ्यावर २० टक्के. २०१३-१४ चा निर्देशांक २२०, २०२५-२६ चा ३७६. २७ लाखांचे होतात ४६ लाख. विक्री ४२ लाखांची. नफाच नाही, म्हणून कर शून्य. नव्या पद्धतीने पावणेदोन लाखांच्या पुढे कर बसला असता. आणि या हिशोबातून काकांना आणखी एक गोष्ट दिसली: महागाईच्या मानाने तो फ्लॅट बारा वर्षांत स्वस्तच झाला होता.

नोव्हेंबरमध्ये व्यवहार झाला. दलाली वगैरे जाऊन हाती ४१.५ लाख. एकूण पैसा झाला १६६.८ लाख.

डबा, कणगी आणि शेत

मांडणी समजावताना मी पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या कप्प्याची भाषा वापरत होतो. काकूंनी ती तिथल्या तिथे बदलली. माहेर सातारा जिल्ह्यातलं, शेतीचं. "म्हणजे रोजचा डबा, वर्षाची कणगी आणि शेत," त्या म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या तिघांच्या बोलण्यात हेच शब्द आहेत.

डबा म्हणजे दर महिन्याला घर चालवणारं, ठरलेलं उत्पन्न. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत काकांच्या नावे ३० लाख. ही मर्यादा २०२३ च्या एप्रिलपासून १५ वरून ३० लाख झाली. व्याज ८.२ टक्के, दर तिमाहीला ६१,५०० रुपये, आणि खातं उघडताना जो दर असेल तोच पाच वर्षं कायम. काका साठ वर्षांचे नव्हते, पण ५५ ते ६० वयात निवृत्त झालेल्यांना निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत हे खातं उघडता येतं. ही तीन महिन्यांची खिडकी अनेकांची चुकते. पैसे बचत खात्यात पडून राहतात आणि मग साठीची वाट पाहावी लागते. आम्ही १८ ऑगस्टला खातं उघडलं. पोस्टाच्याच मासिक प्राप्ती योजनेत दोघांच्या नावे १५ लाख, ७.४ टक्क्यांनी महिन्याला ९,२५०. रिझर्व्ह बँकेच्या बदलत्या दराच्या बाँडमध्ये २० लाख. त्यांचा दर एनएससीच्या, म्हणजे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा ०.३५ टक्के जास्त असतो, २०२५ मध्ये ८.०५. व्याज जानेवारी आणि जुलैच्या पहिल्या तारखेला येतं, सात वर्षं पैसे काढता येत नाहीत. पेन्शन धरून डब्यात वर्षाला ५.७ लाख पडतात.

खर्च ६.९६ लाख. पहिल्या वर्षी तूट सव्वा लाखाची, पुढे महागाईने ती वाढत जाते: पाचव्या वर्षी तीन लाख, सहाव्या वर्षी साडेतीनच्या वर. ही तूट भरून काढते ती कणगी. राष्ट्रीयीकृत बँकेत तीन-तीन लाखांच्या पाच ठेवी, मुदती अशा की दरवर्षी एक मोकळी व्हावी. एकूण १५ लाख. पहिल्या सहा वर्षांची सगळी तूट यातून निघते.

काकूंचा ११ लाखांचा पीपीएफ पाच वर्षांसाठी वाढवला. तो त्यांचा, त्याला हात लावायचा नाही. दवाखाना आणि अचानक खर्च यांच्यासाठी १२ लाख वेगळे. काकांना नर्मदा परिक्रमा करायची आहे, घराला रंग आणि स्वयंपाकघराचं कामही राहिलं होतं, त्यासाठी ५.८ लाख. यावर एका नातेवाइकाने नाक मुरडलं. मला ते पैसे अजिबात जास्त वाटत नाहीत. ३१ वर्षं भोसरीला बसने जाऊन आलेल्या माणसाने पाय चालतात तोवर परिक्रमा केलीच पाहिजे.

आणि शेत म्हणजे शेअर बाजार. ५८ लाख.

"अर्धे झाले तर?"

काकांनी हा आकडा ऐकला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. आयुष्यभर त्यांनी म्युच्युअल फंडात घातले ते ७ लाख, तेही सहकाऱ्यांचं ऐकून. आता एकदम ५८?

मी कागदावर २००८ काढून दाखवलं. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या घरात, मार्च २००९ मध्ये ८,२०० च्या खाली. २०१० च्या दिवाळीत एकदा परत तिथवर जाऊन आला, पुन्हा घसरला, आणि ते शिखर पक्कं मागे पडायला २०१४ उजाडलं. सहा वर्षं. निवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी असं झालं आणि घरखर्चासाठी पडत्या भावात युनिट विकावे लागले, तर बाजार नंतर वर आला तरी विकलेले युनिट परत येत नाहीत. निवृत्ताचं बाजारात जे खरं नुकसान होतं ते असं, सुरुवातीच्या वाईट वर्षांत. कणगीत सहा वर्षांची तूट भरून ठेवली ती याचसाठी.

"अर्धे झाले तर?" काकांनी तरी विचारलं.

काकू म्हणाल्या, "दुष्काळात कुणी शेत विकत नाही. कणगीतलं खातात."

५८ लाख एकदम घालायचे नाहीत. दोन वर्षांत, दर महिन्याला थोडे थोडे. जुन्या नऊ फंडांच्या जागी दोनच इंडेक्स फंड, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकाची नुसती नक्कल करणारे: तीन हिस्से निफ्टी ५० मध्ये, एक हिस्सा निफ्टी नेक्स्ट ५० मध्ये. दोनच का? कारण कोणता फंड मॅनेजर बदलला आणि कोणता फंड मागे पडला, हे काकूंनी पंचाहत्तराव्या वर्षी बघत बसू नये. जुन्या फंडांत सुमारे २.४ लाखांचा नफा साठला होता. वर्षाला १.२५ लाखांपर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही, म्हणून निम्मे ३१ मार्चच्या आधी विकायचे, निम्मे १ एप्रिलनंतर.

कणगी परत भरायचा नियमही लिहून ठेवला. दरवर्षी गुढीपाडव्याच्या आठवड्यात बघायचं. शेताची किंमत गेल्या पाडव्यापेक्षा चांगली वाढलेली असेल तर पुढच्या एका वर्षाची तूट विकून नवी ठेव करायची. घटलेली असेल तर काहीच करायचं नाही. दोन वर्षं सलग घटली तर काकूंनी खूण केलेल्या ११,००० च्या ओळींना कात्री. टीव्हीवर कोण काय म्हणतं याला या नियमात जागा नाही.

हे पुरेल का? अमेरिकेत विल्यम बेंगेन या आर्थिक सल्लागाराने १९९४ साली दाखवलं होतं की पहिल्या वर्षी एकूण पैशाच्या ४ टक्के काढून पुढे महागाईप्रमाणे वाढवत गेलं, तर तिथल्या इतिहासात पैसा निदान ३० वर्षं टिकतो. तो नियम तिथल्या महागाईचा आणि तिथल्या बाजाराचा, आणि आम्हाला हवी आहेत ३५ वर्षं. दवाखाना आणि परिक्रमा बाजूला ठेवून उरलेल्या १४९ लाखांतून आमची पहिल्या वर्षाची उचल ४.३ टक्के होते. ती मला सुखाची वाटत नाही, आणि हे मी दोघांना स्पष्ट सांगितलं. शेताने वर्षाला १० टक्के दिले तर पैसा काकूंच्या ८७ व्या वर्षापर्यंत जातो, ८ टक्केच दिले तर ८२-८३ पर्यंत. घरात एकच माणूस उरल्यावर खर्च कमी होतो, ती काही वर्षं वरची. शेवटचा आधार राहतं घर. म्हणून तर ते मुलीच्या नावावर आत्ताच करून द्यायचं, हा काकांचा विचार मी हात जोडून थांबवला. घर काकूंच्या हयातीत काकूंचं.

दुसरा आधार ॲन्युइटीचा. काकू सत्तरीच्या पुढे गेल्या की काही रक्कम देऊन त्यांच्या नावे हयातभराची पेन्शन विकत घ्यायची. वय जितकं जास्त तितका दर चांगला मिळतो, आणि तेव्हा बाजार बघण्याचा उत्साहही उरलेला नसतो. आत्ता घेतली असती तर दर कमी, आणि महागाईने तिचं पाणी झालं असतं.

कराची चिंता तूर्त नाही. प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, आणि यांचं सगळं व्याज आणि पेन्शन मिळून साडेसात लाखांच्या आत आहे. एक बारीक गोष्ट: काकांनी स्वतःचे पैसे काकूंच्या नावे ठेवले तरी त्यावरचं व्याज काकांच्याच उत्पन्नात धरलं जातं. नावावर ठेवायचे ते कर वाचवायला नव्हे, काकूंना सही करायची सवय व्हावी म्हणून.

जुलैतला एकोणीस दिवसांचा घोळ

पीएफचे पैसे बचत खात्यात जमा झाले आणि चौथ्या दिवशी बँकेतून फोन. काकांना केबिनमध्ये बसवून चहा दिला. "हमखास उत्पन्न" असलेली योजना, वर्षाला ५ लाख, सात वर्षं भरायचे, मग पुढे उत्पन्न. काकांनी सही केली, पहिला हप्ता गेला. मला कळलं तेव्हा दोन आठवडे उलटले होते, आणि मला वाईट वाटलं ते काकांना सांगायचा संकोच वाटला याचं.

ती विमा पॉलिसी होती. अशा पॉलिसींचा परतावा मोजला तर तो बहुधा साध्या ठेवीच्याही खाली निघतो. आणि उत्पन्न थांबलेल्या माणसाने सात वर्षं ५ लाख भरायचे कुठून? सुदैवाने पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत कारण न देता परत करता येते. एकोणिसाव्या दिवशी अर्ज दिला, मुद्रांक शुल्कासारखी किरकोळ वजावट होऊन पैसे आले. अर्जाची पोच शिक्क्यासह घेतली होती. असल्या कामात पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

आरोग्य विम्याचं काम मात्र वेळेत झालं, कारण काका नोकरी संपण्याआधीच माझ्याकडे आले होते. कंपनीच्या गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि जुन्या आजारांसाठीच्या थांबण्याच्या काळात आधीची वर्षं धरली जातात. काकांना मधुमेह आहे. निवृत्तीनंतर कोरी पॉलिसी घेतली असती तर त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकलं असतं.

एक पान

बँकेतली सगळी खाती दोघांच्या नावे, दोघांपैकी कुणाच्याही सहीने चालतील अशी. नामनिर्देशन प्रत्येक ठिकाणी तपासलं. पतसंस्थेतल्या एका जुन्या पावतीवर काकांच्या वारलेल्या आईचं नाव निघालं. दोन साक्षीदारांसमोर दोघांची मृत्युपत्रं झाली. आणि शेवटी एकच पान, मराठीत: कुठलं खातं, पासबुक कपाटात कुठे, व्याज कोणत्या तारखेला, कुणाला फोन करायचा. ते पान मी टाइप करून दिलं होतं. काकूंनी ते बाजूला ठेवलं आणि स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवून काढलं, प्रत्येक ओळ मला विचारत.

महिन्याला पोस्टात जाऊन पासबुक भरून आणायचं काम आता त्यांच्याकडे आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाजात काळजी होती. "तुम्ही ६१,५०० सांगितले होते. जमा झालेत २९ हजार सहाशेच्या आसपास. पोस्टातल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या बरोबर आहे. मला काही पटलं नाही."

चूक माझी होती. खातं १८ ऑगस्टला उघडलं, आणि पहिलं व्याज तिमाही संपेपर्यंतच्या दिवसांचंच मिळतं, ३० सप्टेंबरपर्यंतच्या ४४ दिवसांचं. हे मी त्यांना सांगायचं राहून गेलं होतं. फोनवरच आम्ही दोघांनी मांडून पाहिलं: २ लाख ४६ हजार भागिले ३६५, गुणिले ४४. पलीकडे पेन कागदावर चालल्याचा आवाज येत होता. आकडा जुळला.

"जानेवारीत पूर्ण येतील ना?" त्यांनी विचारलं, आणि पूर्ण येतील म्हटल्यावर म्हणाल्या, "थांबा, वहीत १ जानेवारीपुढे लिहून ठेवते."